रविवारची बस

जूनमधल्या एका रविवारी सर, काकू, त्यांची मुलगी रेवा आणि मी पोर्ट केंब्लाच्या टेकडीवर बसची वाट बघत उभे होतो. बस आली नाही. एक गाडी थांबली. सर नको म्हणाले. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं की त्या आणि रेवा इथे राहायला येणार नाहीत.

सरांना जाऊन आता एक हिवाळा उलटला. त्यांच्याबद्दल बोलताना लोक गाडीपासून सुरुवात करतात, आणि मीही तेच केलं याचं मला वाईट वाटतं. पण सुरुवात दुसरीकडून केली असती तरी तिथेच यावं लागलं असतं.

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला मी आले तेव्हा विद्यार्थी लोंढ्याने येत होते. पुण्यातल्या एजंटने आमच्या हातात फाइल दिली होती आणि डोक्यात निळा समुद्र भरला होता. प्रत्यक्षात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगराची भिंत, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. वरच्या टोकाला युनिव्हर्सिटी, खालच्या टोकाला, पोर्ट केंब्लाला, पोलादाचा कारखाना. घरं मिळत नव्हती. सरांनी एक जुनं घर भाड्याने घेतलं होतं आणि त्यातल्या दोन खोल्या ते विद्यार्थ्यांना देत. एका खोलीत पुण्याचा संदीप होता, दुसरी मला मिळाली.

सर नाशिकजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायचे. ते सोडून इथे आले आणि युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या मुलांचे गणिताचे ट्यूटोरियल घेऊ लागले. नोकरी म्हणावी तर ती नव्हती. प्रत्येक सत्राला नवं कंत्राट. विद्यार्थी वाढत होते म्हणून सर हवे होते, आणि दोन सत्रांच्या मधल्या हिवाळ्यात विद्यार्थी नसायचे म्हणून सर नको असायचे. त्या आठवड्यांना ते ‘माझी मोठी सुट्टी’ म्हणत. त्या सुट्टीत त्यांना कुणी पगार देत नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

ते आम्हाला ‘आपण’ म्हणत. एकोणीस वर्षांच्या संदीपला सुद्धा. “आपण भांडी घासली आहेत का?” असं त्यांनी विचारलं की संदीपला उठावंच लागे. तो म्हणायचा, “काय राव, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.”

हिवाळ्याबद्दल सरांचा एक सिद्धांत होता. गाव बघायचं तर हिवाळ्यातच बघावं. “उन्हाळ्यात कुठलंही गाव पाहुणे आल्यासारखं वागतं,” ते म्हणायचे. “हिवाळ्यात ते घरच्या कपड्यांत असतं. तेव्हा आवडलं तर राहावं.” त्यामुळे काकू आणि रेवा पहिल्यांदा आल्या त्या मेच्या शेवटी. रेवाची शाळा बुडत होती, काकूंना बँकेतून रजा मिळवायला हातापाया पडावं लागलं होतं, आणि इकडे पश्चिमेचा वारा डोंगरावरून खाली यायला लागला होता. काकूंनी फोनवर विचारलंही होतं की डिसेंबरात आलो तर नाही का चालणार. सर म्हणाले, “डिसेंबरात आलीस तर फसशील.”

काकूंना जुलैच्या आत बँकेला कळवायचं होतं, परत रुजू होणार की राजीनामा देणार. घरात कुणी ते बोलत नव्हतं, पण सगळे त्याच्याच अवतीभवती वावरत होते. सरांनी रेवासाठी शाळा बघून ठेवली होती. एका कपाटाचा अर्धा भाग रिकामा केला होता आणि त्यात कागद अंथरला होता.

शनिवारी जेवताना ते दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम जाहीर करत. “उद्या आपण समुद्र बघणार आहोत.”

“गेल्या रविवारी पण समुद्रच बघितला,” रेवा म्हणायची. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

“तो उत्तरेकडचा होता.”

संदीप ताटातून मान वर न करता म्हणाला, “सर, एक दिवस गाडी भाड्याने घ्या. सगळं अर्ध्या दिवसात उरकतं.”

“उरकायला ते काय श्राद्ध आहे?” सर म्हणाले. काकू हसल्या. त्या आल्यापासून पहिल्यांदाच इतक्या मोकळ्या हसल्या असतील.

सकाळी सर दशम्या करायचे. स्वतः. दुधात पीठ भिजवून, काकूंना ओट्याजवळ येऊ न देता. प्रवासाला निघताना दशम्याच न्यायच्या, हा त्यांच्या आईचा नेम, आणि बसने पंधरा मिनिटांवर जायचं असलं तरी तो प्रवासच. बरोबर शेंगदाण्याची चटणी, आणि एक हिरवा थर्मास, ज्याचं झाकण कधीच घट्ट बसत नसे. थर्मास ज्याच्याकडे असेल त्याच्या पिशवीला चहाचा वास यायचा. सर ब्लेझर घालायचे, टाय बांधायचे आणि वर कानटोपी. रेवा त्यांच्यापासून चार पावलं पुढे चालायची.

मला ते आग्रहाने नेत. “आपण वाचणारी माणसं,” ते म्हणत, “आपल्याला ढकलल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.” मी जात असे. मला त्या घरात दुसरं कुणी कुठे चल म्हणत नव्हतं.

त्यांनी काय काय दाखवलं ते ऐकून इथले लोक अजून हसतात. दोन दीपगृहं, बंदर, डोंगरावरचा कठडा हे ठीक. पण एका रविवारी सर आम्हाला कोर्ट बघायला घेऊन गेले. ते बंद होतं. आम्ही बाहेरून बघितलं.

“कोर्ट काय बघायचं?” काकू म्हणाल्या. “आपण काय गुन्हा केलाय?”

“जिथे राहायचं तिथलं कोर्ट कुठे आहे ते माहीत असावं. हॉस्पिटल, कोर्ट, लायब्ररी. समुद्र काय, तो सापडतोच.”

हॉस्पिटलही आम्ही तसंच बघितलं. इमर्जन्सीचं दार कुठल्या बाजूला, बस नेमकी कुठे थांबते, तिथून किती चालायचं. सरांनी रेवाला ते दार बोट करून दाखवलं. तिने तिकडे बघितलं नाही.

बसमध्ये चढताना ते ड्रायव्हरला नमस्कार करायचे आणि उतरताना आभार मानायचे. इथे सगळेच मानतात, पण सर उत्तर येईपर्यंत पायरीवर थांबायचे. बहुतेक ड्रायव्हर त्यांना ओळखायला लागले होते. “नो वरीज, प्रोफेसर,” एकजण म्हणायचा. सर प्रोफेसर नव्हते आणि होण्याची शक्यताही उरली नव्हती. तो शब्द त्यांना फक्त त्या बसमध्ये ऐकू यायचा. काकूंनी तो ऐकला तेव्हा सरांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी ऐकलं का हे बघायला.

गाडी का घेत नाही, असं विचारणाऱ्यांना ते वेगवेगळी उत्तरं द्यायचे. गाडीतून फक्त दोन जागा दिसतात, निघालो ती आणि पोचलो ती. पार्किंग शोधण्यात आयुष्य जातं. परवडत नव्हती म्हणून की पटत नव्हती म्हणून, हे शेवटी शेवटी त्यांनाही सांगता आलं नसतं. पण दुसऱ्याच्या गाडीत न बसण्याचं कारण मला माहीत आहे. तो प्रसंग मी येण्याच्या आधीचा. संदीप तिथे होता.

इथल्या मराठी लोकांत एक गृहस्थ होते. सगळे त्यांना दादा म्हणत. पोलाद कारखान्यात इंजिनिअर, स्वतःचं घर, सात जणांची गाडी. नवीन आलेल्यांना दादा मदत करत आणि त्यात काही खोटं नव्हतं. सरांनाही त्यांनी सुरुवातीला घरं दाखवली, सामान आणून दिलं, तांदळाचं पोतं उचलून घरात ठेवलं. मग मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात दादांच्या हातात माइक होता. ते म्हणाले, “आमच्या सरांना विचारा, दूध आणायचं झालं तरी माझी गाडी. मी म्हटलं, सर, आता तुम्ही गणित शिकवा, मी म्हैस पाळतो.” सगळा हॉल हसला. सरही हसले. संदीप सांगायचा की सर सगळ्यांत जास्त वेळ हसत होते.

त्यानंतर ते कुणाही मराठी माणसाच्या गाडीत बसले नाहीत. कार्यक्रमांना जायचे, प्रसाद घ्यायचे, खुर्च्या आवरायला थांबायचे. मग “सोडू का?” असं कुणी विचारलं की म्हणायचे, “आभारी आहे, माझी बस आहे.” बस असो वा नसो. लोकांनी त्याचा विनोद केला. कुठलीही गोष्ट टाळायची झाली की मंडळातली माणसं म्हणायची, “आभारी आहे, माझी बस आहे.” माइकवरचा विनोद सगळे विसरले होते. दादा तर नक्कीच विसरले होते.

मी दादांना वाईट म्हणत नाही. चांगलं काम करून ते चारचौघांत मोजून दाखवणाऱ्या माणसाला वाईट म्हणण्याची सोय नसते, म्हणून म्हणत नाही.

पोर्ट केंब्लाची टेकडी सरांनी शेवटच्या रविवारासाठी राखून ठेवली होती. वरून एका बाजूला कारखान्याची धुराडी दिसतात आणि दुसऱ्या बाजूला समुद्रातली बेटं. “दोन्ही एका ठिकाणी उभं राहून बघायचं,” सर म्हणाले. “मग ठरवायचं.” ठरवायचं हा शब्द त्यांनी तेव्हा पहिल्यांदा उच्चारला.

आम्ही वर पोचलो तेव्हा ऊन होतं. काकूंना बेटं आवडली. त्या कठड्याला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “इथे बसायला बाक हवा होता.” सर एवढ्याने सुखावले. त्यांनी दशम्या काढल्या. रेवाने दोन खाल्ल्या आणि विचारलं, “बाबा, माझ्या शाळेतून समुद्र दिसतो का?”

“वरच्या मजल्यावरून दिसतो,” सर म्हणाले. “मी विचारून आलोय.”

तेवढ्यात दक्षिणेकडून ढग आले. इथला पाऊस आडवा येतो, छत्रीचा उपयोग नसतो. आम्ही धावत स्टॉपवर आलो. स्टॉप म्हणजे एक खांब होता, वर छप्पर नव्हतं. बसची वेळ झाली आणि टळून गेली. रविवारी त्या बाजूला तासाला एक बस. सर खांबाशी उभे राहून रस्त्याच्या वळणाकडे बघत होते. रेवाचे दात वाजत होते. काकूंनी आपली शाल तिच्या डोक्यावरून घेतली, ती शालही भिजली.

वळणावरून दादांची गाडी आली. त्यांचे आईवडील नाशिकहून आले होते, त्यांना टेकडी दाखवायला आणलं असावं. गाडी आमच्यापाशी थांबली. दादांनी काच खाली केली.

“सर, अहो काय हे. चला, बसा. पोरगी भिजतेय.”

“आभारी आहोत,” सर म्हणाले. “आमची बस येतेच आहे.”

“रविवारची कसली बस घेऊन बसलात? मागे जागा आहे. सगळे मावतात.”

“येईल.”

मागचं दार आतून सरकलं. दादांच्या आईने उघडलं होतं. “ये गं बाळा, ये आत,” त्या म्हणाल्या. आतली गरम हवा आमच्यापर्यंत आली. काकूंचा हात दारावर गेला. त्यांनी एक पाय उचललासुद्धा.

“अगं,” सर म्हणाले. हळू. “बस येतेय.”

काकूंनी सरांकडे बघितलं. मग पाय खाली ठेवला आणि दारावरचा हात काढून घेतला. रेवा आईच्या हाताकडे बघत होती.

दादा थोडा वेळ थांबले. “नो वरीज, सर,” असं म्हणून त्यांनी काच वर केली. दार सरकून बंद झालं.

बस आली नाही. का आली नाही ते कधीच कळलं नाही. आम्ही टेकडी उतरून स्टेशनपर्यंत चालत गेलो. सर पुढे होते आणि वाटेत त्यांनी एका जुन्या चर्चबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, मग मध्येच थांबले. ट्रेनमध्ये रेवाने मोजे काढून खिडकीखालच्या गरम जाळीवर ठेवले.

सकाळी काकू स्वयंपाकघरात थर्मास धूत होत्या. मी चहाला गेले. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मी त्यांना सांगितलंय. आम्ही परत जातोय.”

मला वाटलं त्यांना माइकचं माहीत नसेल. मी सांगायला लागले तर त्यांनी थांबवलं.

“ते माहीत आहे मला. फोनवर सांगितलं होतं त्यांनी तेव्हाच, हसत हसत. मी रडले होते ऐकून.” त्यांनी थर्मास उपडा केला. “मला चालायचा कंटाळा नाही गं. त्यांच्याबरोबर मी पावसात पण उभी राहीन. पण माझी मुलगी भिजत असताना कुणी दार उघडलं, तर मला आत बसता यायला हवं. तिथे नाशिकला मी कुणालाही हाक मारते. इथे आले तर यांचा अपमान सांभाळत बसावं लागेल. तो काही कमी होणारा नाही.”

सर दारात उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. ते आत आले, त्यांनी स्वतःचा चहा ओतून घेतला आणि म्हणाले, “हिवाळ्यात बघितलंत ते बरं झालं.”

त्या आवाजात टोमणा नव्हता. ते खरंच तसं मानत होते. त्यांच्याच सिद्धांताप्रमाणे सगळं बरोबर आलं होतं.

विमानतळावर त्यांनी दोघींना ट्रेनने नेलं, बॅगांसकट, मध्ये एकदा गाडी बदलून. परत आल्यावर कपाटाच्या रिकाम्या भागात त्यांनी आपले कपडे ठेवले नाहीत. मी ते घर सोडलं तेव्हाही तो भाग रिकामाच होता.

घटस्फोट वगैरे काही झालं नाही. रविवारी ते बसमधून काकूंना फोन करायचे आणि खिडकीतून काय दिसतंय ते सांगायचे. वर्षातून एकदा नाशिकला जायचे, ते डिसेंबरात, म्हणजे तिथेही हिवाळ्यातच. तुम्ही परत का जात नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “आता तिथे सगळे विचारतील, का आलात.” पुढे बाहेरून येणारे विद्यार्थी कमी झाले, कंत्राटंही कमी झाली. नंतर विद्यार्थी पुन्हा वाढले, तेव्हा सरांपेक्षा तरुण आणि स्वस्त माणसं मिळत होती. सर एका खोलीत राहायला गेले आणि शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागले, बसने घरोघरी जाऊन.

माझे आईवडील आले तेव्हा मी सिडनीजवळ पॅरामॅटाला नोकरीला लागले होते. हिवाळाच होता. सरांनी आग्रहाने त्यांना वॉलॉंगॉंगला बोलावून घेतलं. आईचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांनी चढ नसलेले रस्ते आधी स्वतः चालून बघितले होते. कोर्टही दाखवलं. वडील परत गेल्यावर फोनवर समुद्राबद्दल काही बोलायचे नाहीत. विचारायचे, “तुमचे ते बसवाले सर कसे आहेत?” मीही त्यांना इथलं बरंच काही दाखवलं होतं, पण वडिलांना फक्त सरांनी दाखवलेलं आठवत होतं.

गेल्या वर्षी एका सकाळी सरांच्या छातीत दुखायला लागलं. ते बसने हॉस्पिटलला गेले. इमर्जन्सीचं दार कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. नर्स मला म्हणाली की उशीर झाल्याबद्दल त्यांनी माफी मागितली, म्हणाले की बस चुकली. त्यांनी माझा नंबर दिला होता. मी पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते. कानटोपी उशाशी होती. “आपण कशा आलात?” त्यांनी विचारलं. गाडीने, मी म्हटलं. “पार्किंग मिळालं?” हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. संध्याकाळी ते गेले.

काकू आणि रेवा आल्या. त्यांना आणायला दादा गेले, त्याच नाही पण तशाच मोठ्या गाडीने. दादा आता थकले आहेत. काकू पुढे बसून आल्या. अंत्यसंस्काराला खूप गाड्या होत्या. मंडळातल्या सगळ्यांनी सुट्टी घेतली होती. नंतर दादांच्या घरी सगळे जमले तेव्हा दादांनी डोळे पुसले. “एक फोन करायचा होता त्यांनी,” ते म्हणाले. “सरांसाठी माझी गाडी कायम उभी होती.” सगळ्यांनी माना हलवल्या. काकूंनीही हलवली. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी रेवाला घेऊन सरांची खोली आवरायला गेले. ती आता पुण्यात नोकरी करते. तिने ब्लेझर घेतला, कानटोपी घेतली. परतताना गाडीत तिने कानटोपी मांडीवर ठेवली होती.

“त्यांना एकदा हो म्हणता आलं असतं,” ती म्हणाली. “एकदाच. आम्ही राहिलो असतो. मला ती शाळा बघायची होती.”

सिग्नल सुटला, मी गाडी पुढे काढली.

“टेकडीवर अजून बस जाते?”

“जाते. सोमवार ते शनिवार.”

“आणि रविवारी?”

“रविवारची बंद केली. कुणी बसत नव्हतं.”

थर्मास तिला नको होता. तो माझ्याकडे आहे. झाकण अजून बसत नाही.